उंदरातला जीन बंद करताना: बडोद्यातल्या नव्या संशोधकांसाठी

दर पावसाळ्यात बडोद्यातल्या लॅबमध्ये नवी मंडळी येतात. काही दांडिया बाजार, रावपुऱ्यातल्या मराठी घरांतली, काही जळगाव-नाशिककडून एम. एस. युनिव्हर्सिटीत शिकायला आलेली. पहिल्या आठवड्यातच कुणीतरी विचारतं, "ताई, क्रिस्परने नॉकआउट करायचाय, गाइड कुठून मागवू?" गाइड, म्हणजे क्रिस्परच्या कात्रीला डीएनएवर कुठे कापायचं ते दाखवणारा आरएनएचा तुकडा. तो मागवणं हे पंधरा मिनिटांचं काम आहे. त्याच्या आधी आणि नंतर जे करावं लागतं, त्यातच दोन-तीन वर्षं जातात.

नॉकआउट म्हटलं की आपण एक दावा करतो: या प्राण्यात अमुक प्रथिन तयार होत नाही. डीएनएच्या क्रमात जीन तुटलेला दिसणं आणि प्रथिन खरंच नाहीसं होणं, या दोहोंत बरंच अंतर पडू शकतं. ते अंतर कुठे पडतं आणि ते कसं तपासायचं, यावर मी इथे जास्त जागा देणार आहे. पेशी वाढवणं, बफर बनवणं वगैरे तुमच्या लॅबमधले सीनियर शिकवतीलच.

पायरी १: किती, कुठे, कधी

वहीच्या पहिल्याच पानावर तीन उत्तरं लिहा. प्रथिन पूर्ण घालवायचंय की नुसतं कमी करायचंय? सगळ्या शरीरातून की एकाच अवयवातून? गर्भापासून की उंदीर मोठा झाल्यावर? ही उत्तरं ठरल्याशिवाय साधन निवडू नका.

समजा, तुमचे पीएचडीचे मार्गदर्शक एका एन्झाइमला रोखणाऱ्या औषधावर काम करतात. औषध प्रौढ माणसाला देणार, तेही एन्झाइमचं काम अर्ध्याहून थोडं जास्त रोखेल इतक्याच मात्रेत. अशा वेळी गर्भापासून एन्झाइम पूर्ण नसलेला उंदीर वेगळ्याच प्रश्नाचं उत्तर देतो. तिथे प्रौढ उंदरात केलेला नॉकडाउन, म्हणजे प्रथिन पूर्ण न घालवता नुसतं कमी करणं, जास्त जवळचा. उलट, या प्रथिनाची अमुक कामासाठी गरज आहे का, इतकाच प्रश्न असेल तर थोडंसं उरलेलं प्रथिनही घोटाळा करतं. मग पूर्ण नॉकआउटच हवा.

एकच प्रत गेलेल्या हेटेरोझायगोट उंदराकडे बहुतेक जण नुसता जोडी लावायचा प्राणी म्हणून बघतात. पॅक्स-६ या जीनचं उदाहरण घ्या. एक प्रत बिघडली तर उंदराचे डोळे लहान राहतात, माणसात बुबुळाचा रंगीत पडदा नीट तयार होत नाही. दोन्ही प्रती गेल्या तर उंदराला डोळेच येत नाहीत आणि पिल्लू जन्मताच दगावतं. तेव्हा हेटेरोझायगोटचीही मोजमापं घ्या. फार जादा मेहनत लागत नाही आणि कधीकधी खरी गोष्ट तिथेच सापडते.

पायरी २: कुणी आधी केलाय का ते बघा

माउस जीनोम इन्फॉर्मॅटिक्स हा अमेरिकेतल्या जॅक्सन लॅबोरेटरीचा डेटाबेस सर्वांसाठी खुला आहे. त्यात तुमच्या जीनचं पान उघडा आणि आजवर कोणती ॲलील, म्हणजे त्या जीनच्या बदललेल्या आवृत्त्या, बनली ते वाचा. मग आंतरराष्ट्रीय माउस फिनोटायपिंग कन्सॉर्शियमची साइट उघडा. २०११ पासून ही मंडळी उंदरातला प्रथिन बनवणारा एकेक जीन बंद करून ठरावीक चाचण्या करतायत. तुमचा जीन त्यांच्याकडे झालेला असण्याची शक्यता बरीच आहे. त्यांनी पहिल्या १,७५१ जीन्सचा हिशेब मांडला तेव्हा त्यातले ४१० प्राणघातक निघाले, म्हणजे दोन्ही प्रती गेलेलं पिल्लू जन्मतच नाही किंवा लगेच जातं. तुमचा जीन त्या गटातला असेल तर ते आजच कळलेलं बरं. कॉलनी उभी करण्यात वर्ष घालवून कळण्यात काय अर्थ?

ॲलीलच्या नावावरूनही बरंच कळतं. नावात 'टीएम' असेल तर ते मूलपेशींमध्ये जुन्या पद्धतीने बनवलेलं. 'ईएम' असेल तर क्रिस्परसारख्या कात्रीने. 'टीएम-१-ए' दिसलं तर सावध व्हा. त्यात जीनच्या मध्ये एक कॅसेट (जादा डीएनएचा तुकडा) घातलेली असते, जी जीनचा संदेश, म्हणजे एमआरएनए, अर्ध्यावर तोडते. पण पेशी कधीकधी त्या कॅसेटला वळसा घालून पूर्ण एमआरएनए बनवतेच, आणि तथाकथित नॉकआउटमध्ये थोडंफार प्रथिन उरतं. क्री या डीएनए कापणाऱ्या एन्झाइमने नेमका एक्सॉन (जीनचा एमआरएनएमध्ये राहणारा तुकडा) कापून काढला की 'टीएम-१-बी' मिळतं. त्यावर जास्त भरवसा ठेवता येतो.

प्राणी तयार मिळत असेल तर नवा बनवू नका. यावर आमच्याकडे दरवर्षी वाद होतो, आणि दरवर्षी माझं मत तेच असतं.

पायरी ३: साधन निवडा

*नॉकडाउन.* अँड्र्यू फायर आणि क्रेग मेलो यांनी १९९८ मध्ये दाखवलं की दुपेडी आरएनए जंताच्या शरीरात घातला की त्याच क्रमाचा जीन गप्प होतो. २००६ चं नोबेल त्यालाच मिळालं. सस्तन प्राण्यांच्या पेशींत लांब दुपेडी आरएनए घातला तर विषाणू शिरल्यासारखा गोंधळ उडतो. २००१ मध्ये २१ न्यूक्लिओटाइडचे छोटे तुकडे वापरून ती अडचण सुटली. आज आपण एसआय-आरएनए म्हणून मागवतो ते हेच.

पेशींमध्ये हे सोपं आहे. जिवंत उंदरात प्रश्न पोहोचवण्याचा येतो. नुसता एसआय-आरएनए शिरेतून दिला तर तो रक्तात तुटतो किंवा मूत्रपिंडातून बाहेर जातो. चरबीच्या सूक्ष्म कणांत भरून दिला की बराचसा यकृतात जातो. म्हणून यकृतावरचं काम नॉकडाउनला सोयीचं आणि मेंदूवरचं अवघड. मेंदूसाठी बहुधा एएव्ही या वाहक विषाणूतून एसएच-आरएनए (ज्यापासून पेशीतच एसआय-आरएनए बनतो) द्यावा लागतो.

दोन गोष्टी पक्क्या लक्षात ठेवा. एसआय-आरएनएच्या टोकाकडची दुसऱ्या ते आठव्या क्रमांकाची अक्षरं इतर एमआरएनएवरही बसू शकतात, त्यामुळे नको ते जीनही दबतात. एकाच एसआय-आरएनएवर निष्कर्ष काढू नका. वेगवेगळ्या जागी बसणारे किमान दोन घ्या, आणि जमलं तर त्या एसआय-आरएनएला न जुमानणारी जीनची प्रत घालून परिणाम परत पालटतो का ते बघा. दुसरं म्हणजे एमआरएनए ८० टक्के घटला म्हणून प्रथिनही तेवढंच घटलं असं धरू नका. जे प्रथिन आठवडाभर टिकतं ते आधीच्या साठ्यावर निवांत काम करत राहतं. उलट पेशी भराभर वाढत असतील तर एसआय-आरएनए वाटला जातो आणि काही दिवसांत परिणामच ओसरतो. वेस्टर्न ब्लॉट (अँटिबॉडीने प्रथिन शोधण्याची चाचणी) कोणत्या दिवशी करायचा, हे या दोन्ही गोष्टी बघून ठरवा.

*मूलपेशींची जुनी वाट.* मार्टिन इव्हान्स आणि मॅथ्यू कॉफमन यांनी १९८१ मध्ये उंदराच्या भ्रूणातून मूलपेशी वेगळ्या केल्या. मारिओ कॅपेची आणि ऑलिव्हर स्मिथीज यांनी पेशीतल्या नेमक्या जीनची अदलाबदल करून दाखवली. १९८९ मध्ये त्यातून पहिले नॉकआउट उंदीर आले, आणि २००७ चं नोबेल तिघांना, इव्हान्स, कॅपेची आणि स्मिथीज यांना, मिळालं. गुंतागुंतीची ॲलील करायची असतील तर ही वाट आजही वापरात आहे. नव्या विद्यार्थ्याने सुरुवातीलाच तिच्या नादी लागू नये.

*क्रिस्पर.* इथे थोडं थांबू, कारण गाइड निवडताना होणारी गडबड पुढे वर्षभर छळते.

कॅस-९ या क्रिस्परच्या कात्रीला २० अक्षरांचा गाइड लागतो, आणि डीएनएवर त्या जागेला लागूनच 'एनजीजी' हा क्रम असावा लागतो. कात्री त्या क्रमाच्या तीन अक्षरं आधी चालते. पेशी तुटलेली टोकं घाईने जोडते आणि जोडताना एक-दोन अक्षरं गाळते किंवा घुसडते. गेलेल्या किंवा आलेल्या अक्षरांची संख्या तीनच्या पटीत नसेल तर पुढचं वाचन बिघडतं, लवकरच थांबण्याचा संकेत येतो आणि पेशी तो सदोष एमआरएनए नष्ट करते. पण हे सगळं घडायला तो संकेत एमआरएनएमधल्या शेवटच्या दोन एक्सॉनच्या जोडापासून निदान ५०-५५ अक्षरं आधी यावा लागतो. शेवटच्या एक्सॉनमध्ये कापलं तर एमआरएनए बहुधा तसाच टिकतो आणि बुटकं प्रथिन बनतं. अगदी सुरुवातीला कापलं तर पेशी पुढच्या एखाद्या एटीजीपासून (वाचन सुरू करण्याच्या संकेतापासून) वाचायला सुरुवात करू शकते. म्हणून सर्व ट्रान्सक्रिप्टमध्ये (त्या जीनच्या एमआरएनएच्या सर्व आवृत्त्यांत) असलेला, सुरुवातीकडचा पण पहिला नसलेला एक्सॉन धरा.

एका कापापेक्षा दोन काप मला जास्त पटतात. दोन गाइड वापरून अख्खा एक्सॉन उडवा, पण आधी त्याची लांबी तीनने भागून बघा. समजा एक्सॉन ११२ अक्षरांचा आहे. तीनने भागल्यावर एक उरतो, म्हणजे तो एक्सॉन गेला की पुढचं वाचन बिघडणार. तोच १११ अक्षरांचा असता तर फक्त ३७ अमिनो आम्लं कमी असलेलं आणि बाकी धडधाकट प्रथिन बनलं असतं. हिशेब चौथीतल्या मुलाला येईल असा आहे, पण न केल्यामुळे अख्खी ओळ, म्हणजे त्या बदलाच्या उंदरांचा वंश, वाया गेल्याची उदाहरणं आहेत. शिवाय एक्सॉन उडाला की पट्टी जेलवर स्पष्ट लहान दिसते, त्यामुळे जीनोटायपिंगही (कोणत्या पिल्लात कोणती प्रत आहे ते ओळखणं) सोपं होतं.

भ्रूणात कॅस-९ घालून पिल्लं जन्माला आली की त्यांना फाउंडर म्हणायचं. फाउंडर बहुधा मोझेक असतो. पहिली पेशी दुभागल्यावरही कात्री चालत राहते, त्यामुळे एकाच उंदरात तीन-चार वेगवेगळी ॲलील सापडतात. कानाच्या तुकड्यात दिसलेलं ॲलील त्याच्या शुक्राणूत असेलच असं नाही. म्हणून फाउंडरवर प्रयोग करू नका. त्याची जंगली प्रकाराशी (जीन न बदललेल्या उंदराशी) जोडी लावा, पुढच्या पिढीतल्या प्रत्येक पिल्लाचा क्रम तपासा, आणि हवं ते एकच ॲलील निवडून त्यावरून ओळ चालवा. एखादा फाउंडर होमोझायगस (दोन्ही प्रती सारख्या) दिसला तर हुरळून जाऊ नका. कापाच्या जागी हजारो अक्षरांचा तुकडाही उडू शकतो. पीसीआरमध्ये डीएनएच्या प्रती वाढवायला प्राइमर हे छोटे तुकडे लागतात. एका प्रतीवर तसं झालं आणि प्राइमरची जागाच गेली, तर पीसीआरमध्ये फक्त दुसरी प्रत दिसते. म्हणून लांबवर बसणाऱ्या प्राइमरची दुसरी जोडी ठेवा.

भ्रूणात इंजेक्शन देण्याचं काम ज्यांचं रोजचं आहे त्यांच्याकडूनच करून घ्या. बेंगळुरूला एनसीबीएस या संशोधन संस्थेच्या आवारात आणि हैदराबादला सीसीएमबी या संस्थेत उंदरांच्या जीनोमवर काम करण्याची सोय आहे. आपलं काम गाइड नीट निवडून पाठवण्याचं आणि आलेले प्राणी सांभाळण्याचं.

*कंडिशनल नॉकआउट.* पूर्ण नॉकआउट जगत नाही किंवा एकाच अवयवाचा प्रश्न आहे, तेव्हा हा मार्ग. एक्सॉनच्या दोन्ही बाजूंना ३४ अक्षरांचा लॉक्स-पी हा क्रम बसवायचा. क्री एन्झाइम जिथे असेल तिथे मधला तुकडा निघून जातो. हे एन्झाइम मुळात पी-१ या जिवाणुभक्षी विषाणूचं. अल्ब्युमिन-क्री असलेल्या उंदरात ते यकृतात चालतं, नेस्टिन-क्रीमध्ये मज्जासंस्थेत.

नावावर जाऊ नका. नेस्टिन-क्री उंदीर जीन न उडवताही जरा लहान राहतो, त्यामुळे फक्त लॉक्स-पी असलेल्या भावंडाशी तुलना पुरेशी नाही. फक्त क्री असलेलं भावंडही हवं. शिवाय काही क्री बीजपेशींतही चालतात. मग पुढच्या पिढीत तुकडा अख्ख्या शरीरातूनच गेलेला असतो आणि तुम्ही मात्र यकृताचा नॉकआउट म्हणून लिहीत असता. उपाय सोपा आहे: तुकडा गेलेलं ॲलील ओळखणारी प्राइमरची जोडी बनवा आणि प्रत्येक पिल्लाच्या कानाच्या डीएनएवर चालवा. कानात ती पट्टी दिसली की ते पिल्लू प्रयोगातून बाद.

टॅमॉक्सिफेन दिल्यावरच चालू होणारं क्री वापरणार असाल तर टॅमॉक्सिफेन कंट्रोलनाही (तुलनेसाठी ठेवलेल्या उंदरांनाही) द्या. ते इस्ट्रोजेनच्या रिसेप्टरवर काम करणारं औषध आहे. हाडं, चरबी, गर्भाशय यांवर त्याचा स्वतःचा परिणाम होतो. नुसतं तेल दिलेला कंट्रोल इथे चालत नाही.

पायरी ४: परवानग्या

प्राणी येण्याआधी कागद. संस्थेच्या प्राणी नीतिसमितीकडे फॉर्म बी भरून प्रस्ताव द्यायचा. ही समिती सीसीएसईए या प्राण्यांवरच्या प्रयोगांवर देखरेख करणाऱ्या केंद्रीय समितीच्या नियमांखाली चालते, आणि त्याचं मूळ १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्यात आहे. जनुकीय बदल केलेले प्राणी असल्यामुळे संस्थेच्या जैवसुरक्षा समितीकडेही जावं लागतं, आणि परदेशातून आणायचे असतील तर काही वेळा जैवतंत्रज्ञान विभागाच्या आरसीजीएम या समितीपर्यंत. यात महिने जातात. गाइड निवडण्याच्या आधीच अर्ज लिहायला घ्या.

समिती हमखास विचारते: इतकेच प्राणी का? उत्तर गणितात द्या. हेटेरोझायगोट आणि हेटेरोझायगोट अशी जोडी लावली तर पाव पिल्लं नल (दोन्ही प्रती गेलेली), त्यातले निम्मे नर. म्हणजे आठात एक. १० नल नर हवे असतील तर साधारण ८० पिल्लं लागतील, आणि एका वेतात ६-७ धरली तर बारा-तेरा वेतं. त्याच ८० पिल्लांतून १० जंगली प्रकारचे भाऊही मिळतात, ते कंट्रोल. उरलेल्या ६० जणांचं काय करणार, तेही लिहा. कंडिशनलमध्ये एका बाजूला दोन्ही प्रतींवर लॉक्स-पी आणि दुसऱ्या बाजूला एका प्रतीवर लॉक्स-पी अधिक क्री अशी जोडी लावली तर हवी ती पिल्लं पावभर येतात.

पायरी ५: कॉलनी

उंदराची मादी १९ ते २१ दिवसांत विते. पिल्लं तीन आठवड्यांनी वेगळी करायची. सहा ते आठ आठवड्यांत ती जोडीला तयार होतात. कागदावर हे फार भराभर वाटतं. प्रत्यक्षात बडोद्याचा मे महिना मध्ये येतो. बाहेर ४२-४३ अंश असताना एसी एक रात्र बंद पडला तर प्राणी कदाचित वाचतील, पण नरांची प्रजननक्षमता घसरते. उंदरात शुक्राणू तयार व्हायला सुमारे ३५ दिवस लागतात, तेव्हा परिणाम लगेच न दिसता पुढचा महिना-दीड महिना जोड्या रिकाम्या जाताना दिसतो. ॲनिमल हाऊसच्या तापमानाची वही रोज बघा. तिथल्या काकांशी बोलणं ठेवा. ते गुजरातीत सांगतात, आपण मराठीत ऐकतो, बडोद्यात याची कुणालाच अडचण नसते. कोणती मादी पिल्लं खाते आणि कोणत्या पिंजऱ्यात मारामारी होते हे त्यांना आपल्या एक्सेलपेक्षा आधी कळतं.

आवाजाचंही तेच. नवरात्राचे नऊ दिवस आणि उत्तरायणाला गच्चीगच्चीवर लागणारे स्पीकर यांचे हादरे भिंतीतून पिंजऱ्यापर्यंत येतात. नुकती व्यालेली मादी बिथरली तर पिल्लं टाकते. गर्भाचं वय मोजायचे प्रयोग त्या आठवड्यांत लावू नका. गरब्याला जायचंच असतं, मग कॅलेंडर आधीच बघून ठेवा.

आता जातीबद्दल. लॅबमधल्या नेहमीच्या काळ्या उंदरांच्या जातीला सगळे 'ब्लॅक सिक्स' म्हणतात, पण ब्लॅक सिक्समध्ये 'जे' आणि 'एन' असे दोन उपप्रकार आहेत. 'जे'मध्ये एनएनटी हा मायटोकॉन्ड्रियातला जीन मोडलेला आहे आणि त्याचा इन्सुलिनच्या स्रावावर परिणाम होतो. 'एन'मध्ये सीआरबी-१ मध्ये बिघाड आहे, ज्याने डोळ्याचा पडदा खराब होतो. तुमचा नॉकआउट 'एन'वर आणि विकत आणलेले कंट्रोल 'जे'वर असतील, आणि तुम्ही मधुमेहावर काम करत असाल, तर जो फरक दिसेल तो तुमच्या जीनचा आहे हे सांगता येणार नाही. बडोद्यात मधुमेहावर काम करणारे बरेच, म्हणून हे ठासून सांगते.

याहून मोठा धडा कॅस्पेज-१ या जीनचा. हा नॉकआउट १२९ या जातीच्या मूलपेशींतून बनला होता. हे उंदीर जिवाणूच्या विषाने मरत नाहीत असं दिसलं, आणि त्याचं श्रेय वर्षानुवर्षं कॅस्पेज-१ ला दिलं गेलं. २०११ मध्ये उघड झालं की १२९ जातीत शेजारचा कॅस्पेज-११ मुळातच मोडलेला असतो. दोन्ही जीन एकाच गुणसूत्रावर इतके लगत आहेत की ब्लॅक सिक्सशी कितीही पिढ्या संकर केला तरी ते वेगळे होत नव्हते. म्हणजे त्या उंदरात दोन्ही जीन गेलेले होते, आणि विषातून वाचण्यामागे मुख्यतः कॅस्पेज-११ चं नसणं होतं.

कंट्रोल म्हणून एकाच वेतातली भावंडं घ्या, शक्यतो एकाच पिंजऱ्यातली. उंदीर एकमेकांची विष्ठा खातात, त्यामुळे एका पिंजऱ्यातल्यांचे आतड्यातले जिवाणू सारखे होतात. नल एका पिंजऱ्यात आणि कंट्रोल दुसऱ्यात ठेवले तर जिवाणूंचा फरक जीनच्या नावावर खपतो.

पायरी ६: जीनोटायपिंग

कानाला पंच केलेला इवलासा तुकडा नळीत टाका. २५ मिलीमोलर सोडियम हायड्रॉक्साइड आणि थोडं ईडीटीए घालून ९५ अंशांवर अर्धा तास ठेवा. गार झाल्यावर तेवढंच ४० मिलीमोलर ट्रिस घाला. बहुतेक पीसीआरला एवढा डीएनए पुरतो.

तीन प्राइमर घ्या: एक सामायिक, एक जंगली प्रतीवर बसणारा, एक बदललेल्या प्रतीवर बसणारा. दोन टक्के अगारोजवर चालवा. जेलच्या एका कडेला जंगली, हेटेरोझायगोट आणि नल असे खात्रीचे तीन नमुने आणि डीएनएऐवजी पाणी घातलेली एक विहीर, हे प्रत्येक वेळी. पाण्यात पट्टी दिसली तर सगळं जेल बाद, वाद घालू नका. हेटेरोझायगोटमध्ये लांब तुकड्याची पट्टी नेहमी फिकी येते, कारण पीसीआर छोटा तुकडा आधी वाढवतो. ती इतकी फिकी असते की रात्री आठला दमलेल्या डोळ्यांना हेटेरोझायगोट नल वाटतो. जेलचा फोटो काढताना एक्स्पोजर वाढवून दुसरा फोटो काढा, मगच पिंजऱ्याच्या कार्डावर लिहा, आणि मग सेव-उसळ खायला जा.

पाच-सहा अक्षरांचं ॲलील असेल तर अगारोजवर फरक दिसणारच नाही. त्या बदलाने एखाद्या रिस्ट्रिक्शन एन्झाइमची (ठरावीक क्रमावर डीएनए कापणाऱ्या एन्झाइमची) जागा मोडली असेल तर कापून बघा, नाहीतर सरळ सीक्वेन्सिंगला पाठवा. आणि प्रयोग संपल्यावर प्रत्येक प्राण्याचा दुसरा तुकडा घेऊन पुन्हा एकदा जीनोटाइप करा. पिंजऱ्यांची अदलाबदल होते, कार्डं गळतात.

पायरी ७: प्रथिन गेलंय हे दाखवा

एमआरएनए मोजताना पहिला प्रश्न: क्यूपीसीआरचे (प्रमाण मोजणाऱ्या पीसीआरचे) प्राइमर कुठे बसतात? उडवलेल्या एक्सॉनच्या आत बसत असतील तर शून्य येणारच, त्यातून बाकीचा एमआरएनए आहे की नाही ते कळत नाही. एक जोडी उडवलेल्या भागात आणि एक त्याच्या पुढे, अशा दोन लागतात. मग पहिल्या एक्सॉनपासून शेवटच्यापर्यंत सीडीएनए (एमआरएनएवरून बनवलेला डीएनए) वाढवून क्रम वाचा. पेशी कधीकधी बिघडलेला एक्सॉन गाळून मागचा-पुढचा जोडते आणि वाचन पुन्हा रुळावर येतं. हे फक्त क्रम वाचल्यावरच दिसतं.

वेस्टर्नमध्ये अँटिबॉडी प्रथिनाच्या कोणत्या भागाला चिकटते ते कंपनीच्या कागदावर बघा. ती सुरुवातीच्या भागाला चिकटत असेल आणि तुमचा काप पुढे असेल, तर बुटकं प्रथिन खालच्या वजनाला दिसू शकतं. म्हणून ब्लॉटचा अर्धा तुकडा कापून फेकू नका, वरपासून खालपर्यंत पूर्ण दाखवा. नल उंदराच्या ऊतीतही पट्टी तशीच दिसत असेल तर दोनच शक्यता: नॉकआउट खोटा किंवा अँटिबॉडी खोटी. दुसरी शक्यता वाटते त्यापेक्षा बरीच जास्त वेळा खरी निघते.

एक गोष्ट अजून. २०१९ मध्ये माशांत आणि उंदराच्या पेशींत दिसलं की सदोष एमआरएनए नष्ट होताना त्याच्यासारखे भाऊबंद जीन जास्त चालू होतात. नॉकडाउनमध्ये परिणाम आणि नॉकआउटमध्ये काहीच नाही असं झालं, तर एकाला खोटं ठरवण्याआधी त्या भाऊबंद जीन्सचा एमआरएनए मोजा.

पायरी ८: नल पिल्लू मिळतच नाही तेव्हा

हेटेरोझायगोट जोड्यांतून २८ पिल्लं झाली आणि एकही नल नाही, तर निव्वळ योगायोगाने असं होण्याची शक्यता १०,००० त ३ च्या आसपास. तीन-चतुर्थांशाचा २८ वा घात काढून बघा. एवढ्यावर थांबा आणि गर्भाकडे वळा. सकाळी मादीत प्लग (समागम झाल्याची खूण) दिसला की तो दिवस अर्धा धरायचा. आधी साडेबाराव्या दिवशीचे गर्भ बघा. नल जिवंत असतील तर पुढे सरका, नसतील तर साडेनवव्या दिवसाकडे मागे.

वार (प्लॅसेंटा) फेकून देऊ नका. गर्भ मरणाऱ्या नॉकआउट ओळींची २०१८ मध्ये मोठी पाहणी झाली. गर्भारपणाच्या मध्यानंतर गर्भ जाणाऱ्या ओळींपैकी सुमारे दोन तृतीयांश ओळींत वारेत दोष होता. गर्भाचं हृदय बिघडलेलं दिसलं तरी मूळ कारण वारेत असू शकतं. हे तपासायचं तर वार वाचवून फक्त गर्भातला जीन उडवणारं क्री वापरावं लागतं.

नल पिल्लं जगली आणि त्यांना काहीच झालं नाही, तर निराश होण्याआधी त्यांच्यावर ताण आणा: चरबीयुक्त आहार, संसर्ग, उपास, म्हातारपण. मऊ भुशावर आयतं खाणाऱ्या निरोगी उंदराला बरेच जीन लागतच नाहीत. प्रस्तावात हे प्रयोग आधीच लिहून ठेवलेले असले तर समितीकडे पुन्हा जावं लागत नाही.

पायरी ९: गोठवून ठेवा

ओळ सिद्ध झाली की लगेच दोन-तीन नरांचे शुक्राणू गोठवा. प्रबंध लिहून होईपर्यंत थांबू नका. पिढ्यांमागून पिढ्या चालवलेल्या कॉलनीत नवे बदल साचत जातात, आजार शिरतो, आणि एखादा शेवटचा नर सुट्टीच्या दिवशी मरतो. दर पाच-दहा पिढ्यांनी मूळ ब्लॅक सिक्सशी पुन्हा संकर करा, तोही त्याच उपप्रकाराशी.

गोठवलेल्या नळ्या दोन ठिकाणी ठेवा, आणि दुसरं ठिकाण बडोद्याबाहेर असू द्या. २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीचं पाणी शहरात शिरलं, तेव्हा कितीतरी वस्त्यांत वीज नव्हती. द्रवरूप नायट्रोजनची टाकी विजेवर चालत नसली तरी ती भरायला येणारी गाडी रस्त्यानेच येते. नळीसोबत एका कागदावर ॲलीलचं पूर्ण नाव, जातीचा उपप्रकार, पिढीचा आकडा, तिन्ही प्राइमरचे क्रम आणि पीसीआरचं तापमान लिहून ठेवा. तुम्ही पोस्टडॉकला गेल्यावर तो कागद तुमच्या जागी आलेल्या मुलीच्या हाती पडणार आहे, आणि तिला फोन करून विचारावं लागू नये.